जॅकेट दीडशेचं, बिल सव्वादोनशेचं

ब्रिटनला शिकायला गेलेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थंडी सुरू झाली की एक मेसेज पडतोच पडतो. 'गाइज, जर्मनीच्या साइटवरून जॅकेट मागवलं होतं, पैसे भरून झाले होते, आता पोस्टवाले अजून पैसे मागतायत. स्कॅम आहे का?' खाली धडाधड उत्तरं येतात. एक म्हणतो, भरू नकोस. दुसरी म्हणते, भर, नाहीतर पार्सल परत जाईल. तिसरा नुसतं लिहितो, 'ब्रेक्झिट, भावा!' गंमत अशी, की पार्सल कुठलं आणि मेसेज कुणाचा यावर या तिघांतलं कुणीही बरोबर ठरू शकतं.

यंदा तुम्ही किंवा तुमची मैत्रीण लीड्स, मँचेस्टर, ग्लासगो, नाहीतर डब्लिन-बर्लिनला मास्टर्ससाठी निघणार असाल, तर हे प्रकरण आत्ताच समजून घ्या. तिकडे पोहोचल्यावर फी, भाडं, बस पास यात डोकं इतकं गरगरलेलं असतं की कस्टम्सचे नियम वाचायला वेळ कुणाकडे असतो?

जकात नाका परत आला

आधी थोडा इतिहास, पण थोडाच. २३ जून २०१६ ला ब्रिटनने सार्वमत घेतलं, ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघ सोडला. तरी २०२० संपेपर्यंत व्यापाराचे जुनेच नियम चालू होते. खरा बदल झाला तो १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधी बर्लिनहून मँचेस्टरला बूट मागवणं म्हणजे कोल्हापूरहून नागपूरला चप्पल मागवण्यासारखंच होतं. साइटवर दिसेल तीच किंमत, त्यातच कर, वर फक्त डिलिव्हरी चार्ज.

आईबाबांना विचारा, मुंबईच्या वेशीवर ट्रकच्या रांगा लावणारा जकात नाका त्यांना आठवत असेल. जीएसटी आला आणि १ जुलै २०१७ पासून मुंबईतली जकात गेली. ब्रिटनमध्ये याच्या बरोबर उलटं घडलं. नाका नव्हता, तो नव्याने उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, पण ब्रिटन आणि युरोपात तर करार झाला होता ना? झाला होता. २४ डिसेंबर २०२० ला, अगदी ख्रिसमसच्या तोंडावर. 'शून्य टेरिफ, शून्य कोटा' अशा बातम्याही झळकल्या. लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला, की चला, काही भरावं लागणार नाही. आणि इथेच घोळ झाला, कारण पार्सलच्या चिठ्ठीवर जी रक्कम येते तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली सीमाशुल्क, म्हणजे कस्टम्स ड्यूटी. दुसरी व्हॅट, जो ब्रिटनमध्ये बहुतेक वस्तूंवर २० टक्के आहे. आणि तिसरी, हे सगळं तुमच्या वतीने भरण्याची तसदी घेतली म्हणून पोस्ट किंवा कुरिअर कंपनी लावते ती हँडलिंग फी. करार होता फक्त पहिल्या गोष्टीपुरता. व्हॅट जिथल्या तिथे राहिला आणि हँडलिंग फी तर नव्याने बोकांडी बसली.

पहिल्या गोष्टीतही मेख आहेच. शून्य सीमाशुल्क मिळतं ते युरोपात किंवा ब्रिटनमध्ये 'बनलेल्या' वस्तूला. युरोपातून नुसत्या 'आलेल्या' वस्तूला नाही. चीनमध्ये शिवलेलं जॅकेट हॅम्बर्गच्या गोदामात पडून होतं म्हणून ते काही जर्मन होत नाही. या नियमाची सगळ्यात मजेशीर शिकार म्हणजे पर्सी पिग. ही मार्क्स अँड स्पेन्सरची डुकराच्या तोंडाच्या आकाराची गोळी, ब्रिटिश पोरांची लाडकी. ती बनते जर्मनीत. तिथून ब्रिटनला येते आणि मग आयर्लंडच्या दुकानात जाते. म्हणजे युरोपात बनली, युरोपातच चालली, पण मधे ब्रिटनमध्ये थांबली म्हणून पुन्हा आत शिरताना तिच्यावर कर लागू शकतो, असं कंपनीच्या प्रमुखांनी जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं. गोळीचं हे, तर तुमच्या जॅकेटचं काय घेऊन बसलात.

चला, हिशोब मांडू

जॅकेटची किंमत १५० पौंड, पाठवणावळ १० पौंड, एकूण १६०. विकणारं दुकान जर्मनीतलं, माल चीनमध्ये बनलेला. कपड्यांवर ब्रिटनचं सीमाशुल्क साधारण १२ टक्के असतं. ते नुसत्या जॅकेटवर लागत नाही, पाठवणावळ धरून लागतं. म्हणजे १६० चे १२ टक्के, १९.२० पौंड. आता व्हॅट. तो कशावर? १६० अधिक हे १९.२०, म्हणजे १७९.२० वर. हो, करावर कर. २० टक्क्यांनी झाले ३५.८४. दोन्ही मिळून ५५.०४. त्यात रॉयल मेलची ८ पौंड फी धरली (कुरिअर कंपन्या बऱ्याचदा याहून जास्त घेतात), की आकडा जातो ६३.०४ वर. १६० पौंडांत घेतलेलं जॅकेट पडलं २२३ ला.

वरचे ६३ पौंड म्हणजे किती? एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरच्यांना ताशी किमान वेतन १२.२१ पौंड झालं होतं, तोच दर धरू. म्हणजे कॅफेत कप धुण्याचे पाच तासांहून जास्त. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. सगळे तास मिळाले असं धरलं तरी आठवड्याच्या कमाईतला पाव हिस्सा एका चिठ्ठीवर गेला. रुपयांत करून बघू नका, उगाच जेवण जाणार नाही.

पण थांबा, या हिशोबात एक गोष्ट लपलेली आहे आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. ते १५० पौंड कसले होते? जर्मन साइटवरच्या किमतीत जर्मनीचा १९ टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो. माल देशाबाहेर जात असेल तर दुकानाने तो काढून टाकायला हवा. तो काढला तर जॅकेट पडतं १२६ पौंडांच्या आसपास. नाही काढला तर तुम्ही एकाच जॅकेटवर दोन देशांचा व्हॅट भरताय.

आता १२६ या आकड्यात काय विशेष? तर ब्रिटनच्या नियमात १३५ पौंडांची एक रेघ आहे. पाठवणावळ आणि कर सोडून पार्सलमधल्या मालाची किंमत या रेघेच्या आत असेल तर सीमाशुल्क लागतच नाही, माल कुठेही बनलेला असो. आणि व्हॅट? तो दारात येऊन कुणी मागायचा नाही, विकणाऱ्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा. मग आपला हिशोब असा होतो: १२६.०५ अधिक पाठवणावळ १०, त्यावर २० टक्के व्हॅट, एकूण १६३ पौंड आणि काही पेन्स. हँडलिंग फी नाही, चिठ्ठी नाही. तेच जॅकेट, तेच दुकान, आणि फरक ६० पौंडांचा. फक्त दुकानाने कागदपत्रं नीट केली की नाही एवढाच प्रश्न.

म्हणून चेकआउटवर देश 'युनायटेड किंगडम' निवडल्यावर किंमत बदलते का ते बघा. बदलली नाही तर दुकानाला सरळ ईमेल टाका: तुमचा देशी व्हॅट काढलात का, ब्रिटनचा व्हॅट धरलात का, ड्यूटी तुम्ही भरणार की मी? उत्तर लेखी घ्या. आणि नुसत्या साइटच्या नावावर जाऊ नका. शेवटी '.सीओ.यूके' आहे म्हणून माल ब्रिटनमधूनच निघेल असं काही नाही. गोदाम कुठे आहे ते डिलिव्हरीच्या पानावर खाली कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

१३५ पौंडांच्या या नियमाची दुसरी बाजूही आहे. व्हॅट विकणाऱ्याने गोळा करायचा, म्हणजे त्याने ब्रिटनच्या कर खात्याकडे नोंदणी करायची, हिशोब ठेवायचा, तिकडे भरणा करायचा. ॲमेझॉन-ईबेसारख्या मोठ्या बाजारांना हे जमतं, तिथे हे काम बाजारच करतो. पण चार माणसांच्या दुकानाने काय करावं? नेदरलँड्समधल्या डच बाइक बिट्स या सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानाने २०२० च्या शेवटी जाहीरच करून टाकलं, की आम्ही जगातल्या प्रत्येक देशात माल पाठवू, ब्रिटन सोडून. दुसऱ्या देशाचा कर आम्ही का गोळा करायचा, हा त्यांचा सवाल होता. तो मला तरी चुकीचा वाटत नाही. गैरसोय मात्र ग्राहकाचीच झाली.

एक चांगली बातमी इथेच सांगून टाकतो. छापील पुस्तकांवर ब्रिटनमध्ये व्हॅट शून्य टक्के आहे आणि सीमाशुल्कही नाही. लॅपटॉपवर सीमाशुल्क नसतं, पण २० टक्के व्हॅट असतो. तेव्हा पुस्तकं खुशाल मागवा, लॅपटॉप मागवताना विचार करा.

ऑर्डर परत करायची असेल तर

साइज चुकला, रंग आवडला नाही. आपल्याकडे ॲपवर 'रिटर्न' दाबलं की माणूस दारात हजर. इथे पार्सल पुन्हा सीमा ओलांडणार, म्हणजे पुन्हा कागद. दुकान तुम्हाला जॅकेटचे पैसे परत देईल, पण तुम्ही भरलेला कर दुकानाकडे गेलेलाच नसतो, तो सरकारकडे गेलेला असतो. तो तुम्हालाच मागावा लागतो. पार्सल रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने आलं असेल तर 'बीओआर २८६' नावाचा फॉर्म, कुरिअरने आलं असेल तर 'सी २८५'. चुकून जास्त कर लागला असेल तरी हेच फॉर्म. पार्सलवर चिकटवलेली आकारणीची चिठ्ठी आणि पोस्टाची पावती फाडून फेकू नका, तोच तुमचा पुरावा. हँडलिंग फी मात्र विसरा.

२०२१ च्या सुरुवातीला तर परतीचा हा खर्च इतका डोईजड झाला, की माल परत आणण्यापेक्षा तो तिकडेच सोडून द्यावा किंवा जाळून टाकावा असा विचार काही ब्रिटिश कंपन्या करत असल्याच्या बातम्या आल्या होत्या.

तुम्ही पैसे भरले नाहीत तर पार्सल साधारण तीन आठवडे राखून ठेवतात आणि मग परत पाठवतात. तेव्हा महिनाअखेर असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही.

स्कॅम कुठला, खरा कुठला

परत त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ, कारण सगळ्यात मोठं नुकसान कराने होत नाही, खोट्या मेसेजने होतं. लोकांना पार्सलवर अचानक पैसे भरायची सवय लागते आहे हे भामट्यांनी बरोबर हेरलं. २०२१ मध्ये ब्रिटनभर रॉयल मेलच्या नावाने एसएमएस फिरले: तुमचं पार्सल अडकलंय, दोन-तीन पौंड भरा, ही लिंक. रक्कम मुद्दाम फुटकळ. दोन-तीन पौंडांसाठी कोण विचार करत बसतो? लिंकवर कार्डाचा नंबर टाकला की मग खरा खेळ सुरू. काही ठिकाणी तर पुढे 'बँकेतून' फोनही यायचा, की तुमच्या खात्यावर फसवणूक होतेय, पैसे या सुरक्षित खात्यात हलवा. नुकतीच गेलेली मुलं यात जास्त सापडतात यात नवल नाही. नवा देश, नवी बँक, खात्यात पुढच्या सत्राच्या फीची रक्कम, आणि कुठला मेसेज खरा दिसतो याचा अंदाजच नाही.

खरी पद्धत साधी आहे. रॉयल मेल पैसे बाकी असल्याचं कार्ड दारात टाकून जातं, राखाडी रंगाचं. त्यावर पार्सलचा संदर्भ क्रमांक असतो. तो क्रमांक कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन टाका, मेसेजमधल्या लिंकवरून नको. कुरिअर कंपन्या ईमेल किंवा एसएमएस पाठवतात हे खरं, पण तिथेही हाच नियम: ट्रॅकिंग नंबर घ्या, साइट स्वतः उघडा. संशयास्पद एसएमएस ७७२६ या नंबरवर फॉरवर्ड करता येतो, ब्रिटनमध्ये ही सोय फुकट आहे. आणि तुम्ही काही मागवलेलंच नसेल, तर पार्सल कुठून अडकणार?

जर्मनी-आयर्लंडवाल्यांनो

तुम्हाला हेच सगळं उलट बाजूने लागू. ब्रिटनमधून मागवलंत की तुम्ही युरोपीय संघाबाहेरून मागवताय. १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतची जुनी व्हॅटमाफी गेली, त्यामुळे अगदी दहा युरोंच्या फोन कव्हरवरही व्हॅट आहे. जर्मनीत १९ टक्के, आयर्लंडमध्ये २३. डब्लिनकरांना हा फटका जास्त बसला, कारण वर्षानुवर्षं त्यांची ऑनलाइन खरेदी शेजारच्या ब्रिटिश साइट्सवरच चालायची. ॲमेझॉनची खास आयर्लंडसाठीची साइट सुरू झाली ती थेट मार्च २०२५ मध्ये. बेलफास्टला जाणाऱ्यांची गोष्ट आणखी तिसरीच. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असूनही मालाच्या बाबतीत युरोपीय नियमांना बरंचसं बांधलेलं आहे, त्यामुळे काही ब्रिटिश दुकानं तिथे पाठवतच नाहीत.

आणि फराळाचं पार्सल?

हा प्रश्न तुमच्यापेक्षा आईला जास्त सतावतो. फराळाला ब्रेक्झिटने फारसा फरक पडलेला नाही, कारण भारत आधीपासूनच बाहेरचा. पण नियम याच कुटुंबातले आहेत, आणि इथे थोडी माहिती असेल तर खरोखर पैसे वाचतात.

ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूवर व्हॅट नाही. ३९ ते १३५ मध्ये व्हॅट आहे, सीमाशुल्क नाही. पण 'गिफ्ट' म्हणजे खरोखर गिफ्ट: एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, सणावाराला किंवा वाढदिवसाला पाठवलेली, आणि डिक्लेरेशनवर तसं लिहिलेली. तुम्ही ऑनलाइन विकत घेतलेल्या वस्तूवर दुकानदाराने प्रेमाने 'गिफ्ट' लिहिलं म्हणून ती गिफ्ट होत नाही, उलट खोटी नोंद म्हणून अडकू शकते.

एकाच खोक्यात एकाहून जास्त जणांसाठी भेटी असतील तर ३९ पौंडांची सवलत प्रत्येकाला वेगळी मिळते. अट एवढीच, की प्रत्येकाचं पुडकं वेगळं बांधलेलं हवं, त्यावर त्याचं नाव हवं आणि डिक्लेरेशनवर वेगळी नोंद हवी. म्हणजे फ्लॅटमधल्या चौघींना चार पुडकी. नाशिकच्या काकूंनी एका डब्यात चकल्या कोंबून 'सगळ्यांनी वाटून खा' लिहिलं, तर ते एकच पार्सल.

काय पाठवू नये तेही आईला सांगा. भारतातून ब्रिटनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक पार्सलमधूनही चालत नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची मिठाई, घरचं तूप बाद. यावर पैसे भरून सुटका नाही, जप्तीच होते. आणि हे बाबतीत सगळेच कस्टमवाले सारखे कडक. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनहून बोटीने आलेल्या ट्रकचालकांची हॅम सँडविचेस डच अधिकाऱ्यांनी काढून घेतली होती. एकाने विचारलं, मांस घ्या, निदान पाव तरी ठेवू द्या. तोही ठेवू दिला नाही.

थंडीचे कपडे, पांघरुणं, अभ्यासाची पुस्तकं असं स्वतःचं सामान मागाहून पाठवणार असाल तर ते गिफ्ट म्हणून पाठवू नका. पूर्णवेळ शिकायला येणाऱ्यांच्या सामानासाठी ब्रिटनमध्ये करसवलतीची वेगळी तरतूद आहे. त्याचे नियम सरकारी साइटवर आहेत, खोका बांधायच्या आधी वाचा, नंतर नाही.

जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनने मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या तेव्हा पुन्हा तीच हवा झाली, की आता पार्सलं फुकट. २०२० च्या नाताळात ब्रिटिशांना जे वाटलं होतं तेच. करारात भारतीय कपड्यांवरचं ब्रिटिश सीमाशुल्क काढण्याची तरतूद आहे. व्हॅट आणि हँडलिंग फीला त्याने हात लावलेला नाही.

आणि तिकडून इकडे भेट पाठवायची असेल तर भारताचा नियम आणखी कडक आहे. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेट पोस्टाने करमुक्त यायची. डिसेंबर २०१९ मध्ये ती सवलत काढून घेतली. आता करमुक्त येतात फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबत पाठवलेली चॉकलेटं त्यात धरत नाहीत.